काशीतला वाडा दुरुस्त करायचाय? मग हिशेब असा मांडा

दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा हा काशीचा मराठी पट्टा. पुण्या-नागपुरातल्या कितीतरी घरांचा हिस्सा तिथल्या एखाद्या बंद वाड्यात अडकलेला असतो. दुरुस्तीचं नाव काढलं की कंत्राटदार चौरस फुटाचा दर सांगून मोकळा होतो. त्यावर विसंबू नका. समजा, 1,500 चौरस फुटांना 2,000 रुपये दर ठरला, म्हणजे 30 लाख. नोंदणीकृत कंत्राटदार असेल तर 18 टक्के जीएसटी, 5 लाख 40 हजार. भिंत उकरल्यावर निघणाऱ्या भानगडींसाठी 20 टक्के हाताशी ठेवा, 6 लाख. झाले 41 लाख 40 हजार. यात मलबा धरलेलाच नाही. त्या गल्ल्यांत ट्रक शिरत नाही. पोतं न् पोतं डोक्यावरून नाहीतर खेचरावरून. ही ने-आण करारात वेगळी लिहून घ्या.

त्याआधी कागद. उत्तर प्रदेशात सख्ख्या भावंडांतल्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क फक्त 5,000 रुपये आणि वर 1,000 प्रक्रिया शुल्क. चुलतभावांना ही सवलत नाही, आणि खरी गोम बहुधा तिथेच असते! गंगेलगत 200 मीटरमध्ये नवं बांधकाम बंद. डागडुजीलाही वाराणसी विकास प्राधिकरणाची परवानगी काढा. पंचगंगेवरची आलमगीर मशीद संरक्षित स्मारक आहे. तिच्यापासून 300 मीटरच्या आत वाडा असेल तर दुरुस्तीसाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची मंजुरीही लागते.

लाखोरी विटांच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा स्वस्त पडतो, पण ओल आत कोंडते आणि पापुद्रे सुटतात. चुना-सुरखीच करा. चुना कुठे नि किती दिवस विरवला, ते स्वतः जाऊन बघा.

परसात रान माजलेलं असतं, ते काढायला मजुरी फार लागत नाही. मात्र पडझडीची माती साचून जमीन जोत्याच्या वर आलेली असते. ती खाली उतरवल्याशिवाय भिंत सुकणार नाही. भिंतीतला पिंपळ नुसता छाटला की दुप्पट फुटतो. बुंधा कापून ताज्या कापावर तणनाशक लावा, मूळ मेल्यावरच काढा आणि फट चुन्याने भरा. आंबा, कडुनिंब, पिंपळ असं मोठं झाड तोडायचं तर 1976च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन विभागाची परवानगी हवी.

काम दिवाळीनंतर काढा. पुराचे महिने टाळा. पैसे कमी पडले तर गच्चीची गळती, पन्हळी आणि मोऱ्या एवढंच आधी उरका. रंग पुढच्या वर्षी दिला तरी चालेल.