वाळूतून उठलेली मोटार

वेल्स देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर पेंडाइन नावाचे गाव आहे. तेथील वाळू मैलोगणती सपाट पसरलेली आहे. २८ एप्रिल १९२६ रोजी पॅरी-थॉमस नावाच्या अभियंत्याने तेथे आपली 'बॅब्ज' ही मोटार ताशी सुमारे २७५ किलोमीटर वेगाने चालवून जगात उच्चांक स्थापिला. पुढे ३ मार्च १९२७ रोजी पुन्हा तसाच प्रयत्न करीत असता मोटार उलटली आणि तो मृत्युमुखी पडला. मोटार तेथेच वाळूत पुरण्यात आली.

बेचाळीस वर्षे लोटली. १९६९ साली ओवेन विन ओवेन या तंत्रविद्यालयातील अध्यापकाने परवानगी मिळवून ती उकरून काढली. पत्रे गंजून गेले होते. ती पुन्हा चालती करण्याचा त्याने निश्चय केला. परंतु अशा मोटारीचे सुटे भाग कोणत्या दुकानात मिळणार?

जुन्या यंत्राचे भाग दोन प्रकारचे असतात. काही भाग त्याच्या भावंडांतही असतात. बॅब्जचे 'लिबर्टी' इंजिन मुळात विमानासाठी बनविलेले होते. त्यास बारा सिलिंडर असून त्याची शक्ती ४०० अश्वशक्ती होती. १९१७ पासून अमेरिकेतील निरनिराळ्या कारखान्यांनी एकाच मापाची अशी वीस हजारांहून अधिक इंजिने तयार केली. शिवाय त्याचा प्रत्येक सिलिंडर स्वतंत्र असल्यामुळे एक निकामी झाला, तर उरलेले अकरा तसेच राखून तेवढाच बदलता येतो. म्हणून अशा इंजिनाचा भाग हवा असणारा मनुष्य त्याच जातीचे दुसरे बंद पडलेले इंजिन शोधतो.

दुसऱ्या प्रकारचे भाग त्या एकाच यंत्रासाठी घडविलेले असतात. त्यांना जगात जोड नसते. अशा वेळी मोडका तुकडा हाच गुरू होय. त्याची मापे घेऊन लाकडी नमुना तयार करतात. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून नमुना किंचित मोठा ठेवावा लागतो. त्यावरून वाळूचा साचा करून त्यात धातूचा रस ओततात आणि निघालेला भाग लेथवर कातून नेमक्या मापाचा करतात. निरुपयोगी समजून तो तुकडा फेकून दिला, तर त्याबरोबर मापही जाते.

ओवेनने या कामी वर्षानुवर्षे खर्ची घातली. अखेर ज्या इंजिनाचा आवाज १९२७ साली थांबला होता, ते पुन्हा गर्जू लागले. मोडके म्हणून जे आपण टाकून देतो, त्यात घडविणाऱ्याचे ज्ञान शिल्लक असते. ते वाचण्यास मात्र धीर हवा.

अभ्यास

१. लिबर्टी इंजिनाचे भाग एकाच मापाचे असल्याने कोणता लाभ होतो?
२. लाकडी नमुना किंचित मोठा का ठेवतात?
३. 'मोडका तुकडा हाच गुरू होय' हे वाक्य स्पष्ट करा.