मोटारीचा पत्रा जोडतांना

बुधवार पेठेंतील आप्पा बळवंत चौकांत तुम्ही पुस्तकें घेण्यास जातां. लगतच्याच कसबा पेठेंत तांबट आळी आहे. तांब्याच्या भांड्यास कल्हई करणारा कारागीर कथील हातीं घेण्यापूर्वीं भांडें घासतो, तापवितो व नवसागर टाकून पुसून काढतो. कारण मळलेल्या धातूवर कथील धरत नाहीं. गंजलेल्या मोटारीचा पत्रा वेल्डिंगनें जोडतांनाही हाच धडा उपयोगीं पडतो.

गंज म्हणजे लोखंड, पाणी व प्राणवायु यांच्या संयोगानें होणारा थर. तो सच्छिद्र असल्यामुळें आंतील धातूचें रक्षण न करतां उलट ओलावा धरून ठेवतो. म्हणून निरोगी पत्रा लागेपर्यंत गंजका भाग कापून टाकावा, व सांध्याच्या दोन्ही बाजूंचा रंग, तेल आणि मळ काढून चकचकीत धातु उघडा करावा.

हल्लींच्या पुष्कळ मोटारींच्या पत्र्यावर जस्ताचा लेप असतो. लोखंड सुमारें १५३८ अंश सेंटिग्रेडला वितळतें. जस्त मात्र ९०७ अंशांसच उकळतें. त्यामुळें वेल्डिंग करतांना जस्ताचा धूर होतो. त्या धुरानें कारागिरास थंडीताप येतो, व सांध्यांत पोकळ्या राहतात. यास्तव सांध्यावरील जस्त घासून काढावें, नाकातोंडास योग्य मुखपट्टी बांधावी व जागा हवेशीर ठेवावी. जेथें दोन पत्रे एकमेकांवर बसतात, तेथें मागाहून ब्रश पोहोंचत नाहीं. म्हणून वेल्डिंगसाठींच तयार केलेला जस्तयुक्त अस्तर-रंग तेथें आधींच पातळ लावावा.

मोटारीचा पत्रा बहुधा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. सलग जोड दिल्यास तो तापून वांकतो. म्हणून दूरदूर एकेक टांका द्यावा व निवूं द्यावा. त्यापूर्वीं बॅटरी सोडवावी, गाद्या काढाव्या, पेट्रोलची टाकी व नळ्या दूर कराव्या. ठिणग्या कांचेंतही रुततात, म्हणून कांचा न जळणाऱ्या कापडानें झांकाव्या. काळ्या कांचेच्या मुखवट्यावांचून त्या ज्योतीकडे क्षणभरही पाहूं नये.

एका परिचित गृहस्थांच्या मोटारीचा दाराखालील पत्रा आम्हीं पाहिला. बाहेरून रंग आरशासारखा होता; आंतून जोड उघडाच ठेवलेला. एका पावसाळ्यांतच रंगाखालीं फोड आले, आणि बोट दाबतांच पत्रा आंत गेला. आजच्या बहुतेक मोटारींत हा भाग शोभेचा नसून गाडीचा भार वाहणारा असतो. अपघातांत आंतील माणसांचें रक्षण तोच करितो. म्हणून जोड निवल्यावर आंतबाहेर अस्तर-रंग द्यावा, फटी बुजवाव्या, पोकळींत मेण फवारावें, आणि पाणी निचरण्याचीं छिद्रें मोकळीं ठेवावीं.

पालकांनींही मोटार परत घेतांना “रंग कसा झाला?” एवढेंच न विचारतां “आंतून काय लावलें?” हें अवश्य विचारावें. आणि विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत धरावें कीं, जें काम कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं, त्यावरच पुष्कळदां जीव अवलंबून असतो.