पाणथळावरचा सूर्योदय आणि माझे चार रविवार

(इयत्ता सातवी)



२ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन. १९७१ साली याच तारखेला इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागा जपण्याचा करार झाला. आपले नांदूर मधमेश्वर त्या यादीत गेले. महाराष्ट्रातले ते पहिले रामसर स्थळ. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर बंधारा झाला, गाळ साचला, उथळ पाणी आणि बेटे तयार झाली, म्हणून तिथे पाखरे येतात.

या अंकासाठी मी तिथल्या सूर्योदयाचा फोटो काढायचे ठरवले. वडील म्हणाले, "सूर्य तर रोजच उगवतो. त्याचा कसला फोटो?" पण मोबाईल दिला. अंधारात एकटीला जायचे नाही, म्हणून आजोबा बरोबर आले.

पहिला रविवार. सूर्य पूर्वेला उगवतो असे आपण पाठ केले आहे. मी बरोबर पूर्वेकडे तोंड करून उभी राहिले. सूर्य निघाला उजवीकडे, बाभळींच्या मागून! बाईंनी नंतर समजावून सांगितले, की सूर्य अगदी पूर्वेला उगवतो तो वर्षातून दोनदाच, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास. जानेवारीत तो आग्नेयेकडे सरकलेला असतो. म्हणून आदल्या दिवशीच जागा बघून ठेवावी. समोर पाणी आणि पाण्यापलीकडे सूर्य असेल असा काठ निवडावा.

दुसरा रविवार. जागा बरोबर होती. निफाडची थंडी तुम्हांला माहीतच आहे, बोटे वाकत नव्हती. पाण्यावर धुके होते. रात्री हवा लवकर गार होते, पाणी मात्र ऊब धरून ठेवते. त्या पाण्याची वाफ गार हवेत गेली, की तिचे बारीक थेंब होतात. तेच हे धुके. सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास लालभडक सूर्य वर आला. उगवताना त्याचे किरण हवेच्या जाड थरातून येतात, वाटेत निळा प्रकाश विखरून जातो आणि तांबडा आपल्यापर्यंत पोचतो. पण माझ्या फोटोत सूर्य म्हणजे पांढरा डाग! (फोटो क्र. १ पाहा.) मी पडद्यावर काळ्या पाण्यावर बोट ठेवले होते. कॅमेऱ्याला वाटले, अंधार आहे. त्याने उजेड वाढवला. बोट उजळ आभाळावर ठेवायचे आणि उजेड थोडा कमी करायचा, म्हणजे रंग टिकतात.

तिसरा रविवार. हे लिहायला मला लाज वाटते. फोटोत उडणारी पाखरे हवीत असे मला वाटले. जवळच वारकरी पक्षी चरत होते, काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले. पलीकडे चक्रवाक बसले होते. मी दगड मारला. सगळा थवा फडफडत उठला. वारकरी तर पाण्यावरून धावत सुटले. फोटो हलला, तो वायाच गेला. पाखरे काही परत आली नाहीत.

आजोबा ओरडले नाहीत. म्हणाले, "पोरी, लांबून आलेल्या पाहुण्याला कुणी ताटावरून उठवतं का?"

मी बाईंना विचारले. चक्रवाक लडाख-तिबेटकडून येतात. इथे खाऊन अंगात ताकद साठवायची आणि उन्हाळ्याआधी परत जायचे. दर वेळी घाबरून उडाले, की साठवलेली ताकद खर्च होते आणि खाणेही बुडते. माझ्या एका फोटोसाठी मी त्यांची न्याहारी बुडवली होती.

चौथा रविवार. उजाडायच्या आधीच आम्ही काठापासून लांब, बांधाआड बसलो. मोबाईलचा आवाज आणि फ्लॅश बंद केला. हात हलू नये म्हणून मोबाईल दगडावर टेकवला. सूर्याची कड दिसल्यापासून पूर्ण गोळा वर यायला दोन-अडीच मिनिटेच लागतात. तेवढ्यात आठ फोटो काढले. एक शराटी आपणहून चालत लव्हाळ्यापुढे आली. मी तिला बोलावले नव्हते. (फोटो क्र. २ पाहा.) पक्षी लहान दिसतो, पण तो आपल्या मर्जीने आला आहे.

वडिलांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी मलाही उठव."

लक्षात ठेवा

१. सूर्य वर आला, की मोबाईलमधूनच पाहा. त्याच्याकडे टक लावून पाहू नका.
२. पाणी जिथे संपते ती रेषा फोटोत तिरकी येऊ देऊ नका.
३. पक्षी मान उंच करून तुमच्याकडे पाहू लागला, की तिथेच थांबा. पुढे जाऊ नका.
४. फोटो नाही मिळाला तरी चालेल. सूर्य उद्याही उगवणार आहे.

सांगा पाहू : जूनमध्ये सूर्य आपल्या शाळेच्या कोणत्या कोपऱ्याकडून उगवेल? उत्तर लिहून बाईंकडे द्या.