शेड दुकानात नाही, दारात पाहा

प्रश्न : माझा रंग गव्हाळ-सावळा आहे. तुळशीबागेत छान वाटलेली न्यूड लिपस्टिक ऑफिसात पांढुरकी दिसते. रोजसाठी कोणती शेड घ्यावी?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : दोष तुमच्या रंगाचा नाही. फिक्या न्यूड शेडमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य बरंच असतं. आपल्याकडच्या गडद ओठांवर ते राख फासल्यासारखं दिसतं. त्यात दुकानातले झगझगीत दिवे! शेड मनगटावर नको, बोटाच्या टोकावर लावा. तिथला रंग ओठांच्या अधिक जवळचा असतो. मग गर्दीतून वाट काढत दारात या आणि बोट ओठांशेजारी धरून उजेडात पाहा. टेस्टर मात्र थेट ओठांना मुळीच लावू नका, त्यातून हर्पीसचा संसर्ग होऊ शकतो.

रोजसाठी विटकरी, गुलाबीसर तपकिरी किंवा जांभळाकडे झुकणारी शेड घ्या. परदेशी ब्रँडच हवा असं काही नाही. टाटांनी लॅक्मे १९५२ मध्येच सुरू केली होती. पण वेष्टनावर उत्पादन परवाना क्रमांक आणि मुदत बघाच. पुण्याच्या कोरड्या थंडीत मॅट लिपस्टिकखाली आधी थोडा लिप बाम लावा. घरातली न्यूड टाकू नका, विटकरी शेडवर मधोमध टेकवा.