बाळाचा दमा : खर्च किती, कुठे करायचा, कुठे टाळायचा

बाळाचं पोट उडायला लागलं, श्वासात शिट्टी वाजायला लागली, की आईवडील खर्चाचा विचार न करता दवाखाना गाठतात, आणि तेच बरोबर आहे. पण हे दर दीड-दोन महिन्यांनी होऊ लागलं की घरात हिशेब सुरू होतो आणि पहिली कात्री बहुतेक वेळा नको तिथे लागते. ‘आता बरं आहे, कशाला उगाच औषध?’ असं म्हणून रोजचा पंप बंद होतो. दम्याच्या बाळाच्या घरात यापेक्षा महाग पडणारी काटकसर दुसरी नाही. का, ते खालच्या आकड्यांवरून दिसेल.

इथले दर महाराष्ट्रातल्या शहरांत साधारणपणे पडणारे आहेत. कंपनी आणि गावानुसार ते कमी-जास्त होतील. औषध घेताना खोक्यावरची छापील किंमत पाहा आणि बिल मागून घ्या.

निदानावरचा खर्च

पाच वर्षांखालच्या मुलांना फुंकर मारून करायची फुप्फुसाची चाचणी नीट जमत नाही. त्यामुळे बाळाचं निदान मुख्यतः तीन गोष्टींवर होतं: तुम्ही सांगितलेली हकिगत, डॉक्टरांची तपासणी आणि औषधाला मिळालेला प्रतिसाद. बालरोगतज्ज्ञांची फी ३०० ते १,००० रुपये असते, मुलांच्या श्वसनविकारतज्ज्ञांची १,००० ते २,०००. दुसरा आजार नाही ना, हे पाहण्यासाठी छातीचा एक्स-रे सांगितला तर ३०० ते ६०० रुपये लागतात.

ॲलर्जीच्या रक्तचाचण्यांच्या संचाला मात्र काही हजार रुपये पडतात. तो करण्याआधी डॉक्टरांना विचारा, ‘या अहवालामुळे उपचार बदलणार आहे का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर ते पैसे राखून ठेवा. धाप लागलेल्या बाळाचं उघडं पोट आणि छाती दिसेल असा मोबाइलवरचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ डॉक्टरांना खूप काही सांगतो आणि त्याला खर्च नाही.

काही बाबतींत तपासण्यांची टाळाटाळ करू नका. घरघर जन्मापासून असेल, वजन वाढत नसेल, दूध पिताना ठसका लागत असेल किंवा शेंगदाण्यासारखं काही घशात गेल्यावर अचानक धाप सुरू झाली असेल, तर कारण दम्यापेक्षा वेगळं असू शकतं. पहिल्या वर्षात विषाणूंमुळे श्वासनलिका सुजूनही अशीच घरघर होते. सर्दीबरोबर घरघरणारी बरीच मुलं शाळेत जाण्याच्या वयापर्यंत बरी होतात, म्हणून दर काही महिन्यांनी फेरतपासणी हवीच.

घरात घ्यायच्या वस्तू

स्पेसर (पंपाला जोडायची नळी) आणि बाळाच्या मापाचा मास्क : दोन्ही मिळून ५०० ते ८०० रुपये. परदेशी बनावटीचे दीड हजारांच्या पुढे जातात. या यादीत सगळ्यांत मोलाची वस्तू हीच. बाळाला पंप नुसता तोंडात मारून काही उपयोग नाही. औषध नळीत साठून मास्कमधून श्वासाबरोबर आत जायला हवं. पंप हलवा, मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवा, एका वेळी एकच फवारा द्या आणि बाळाला पाच-सहा श्वास घेऊ द्या. बाळ हंबरडा फोडत असेल तर औषध फारसं आत जात नाही, म्हणून आधी शांत करा. प्लॅस्टिकचा स्पेसर पातळ साबणपाण्यात बुडवून तसाच वाळू द्या. फडक्याने पुसला की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध नळीच्या भिंतीला चिकटतं.

वाफेचं मशीन, म्हणजे नेब्युलायझर : १,५०० ते ३,००० रुपये. बहुतेक बाळांना स्पेसरमधून दिलेला पंप तेवढंच काम करतो, तेही विजेशिवाय आणि प्रवासातसुद्धा. डॉक्टरांनी खास सांगितलं तरच मशीन घ्या.

ऑक्सिमीटर : मोठ्यांच्या बोटाचा चिमटा बाळाच्या बोटावर चुकीचे आकडे दाखवतो. घ्यायचाच तर बाळासाठी वेगळा प्रोब असलेला घ्या. श्वास मोजणं मात्र फुकट आहे आणि ते प्रत्येक घरात यायला हवं. बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजा. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास.

औषधांचा हिशेब

पंप दोन प्रकारचे असतात आणि पैशांचा सगळा घोळ त्यांच्यातला फरक न कळल्याने होतो. साल्ब्युटामॉलचा पंप धाप लागल्यावर आराम देतो. त्यात २०० फवारे असतात आणि किंमत १५० ते २०० रुपये. ब्युडेसोनाइडसारखा स्टेरॉइडचा पंप श्वासनलिकेची सूज कमी ठेवतो. तो बरं असतानाही रोज द्यायचा. त्याची किंमत ३०० ते ४०० रुपये.

समजा, डॉक्टरांनी रोजच्या पंपाचे सकाळी दोन आणि रात्री दोन फवारे सांगितले. दिवसाला चार, म्हणजे २०० फवाऱ्यांचा पंप ५० दिवस पुरतो. ३५० रुपयांच्या पंपाचे दिवसाला सात रुपये, महिन्याला २१० रुपये झाले. तेच औषध मशीनमधून दिवसातून दोनदा द्यायचं म्हटलं, तर एक कुपी सुमारे २५ रुपये धरून महिन्याला १,५०० रुपये होतात. तुमचं बाळ अशा कुप्यांवर असेल तर ‘स्पेसरवर नेता येईल का?’ हे पुढच्या भेटीत जरूर विचारा. बदल मात्र स्वतःच्या मनाने करू नका.

पंप सुरू केल्याची तारीख त्याच्यावरच लिहून ठेवा. बऱ्याच पंपांना मोजणी दाखवणारी खिडकी नसते आणि औषध संपल्यावरही नुसता वायू बाहेर येत राहतो. पाण्यात तरंगतो का, हे पाहून काही कळत नाही.

पंपाची सवय लागते, ही भीती आजी-आजोबांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे घालतात. पण पंपातून सिरपपेक्षा किती कमी औषध जातं, त्याचा आकडा पाहा: साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात ०.१ मिलिग्रॅम औषध असतं आणि त्याच औषधाच्या पाच मिलिलिटर सिरपमध्ये २ मिलिग्रॅम, म्हणजे वीस फवाऱ्यांइतकं. सिरप सगळ्या अंगभर जातं, पंपाचं औषध थेट छातीत. रोजच्या स्टेरॉइड पंपाचा उंचीवर थोडा परिणाम होऊ शकतो, म्हणून प्रत्येक भेटीत उंची मोजून घ्या. पंप दिल्यावर बाळाचा चेहरा पुसा आणि पाणी पाजा.

जनऔषधी केंद्रांत जेनेरिक औषधं बाजारभावापेक्षा ५० ते ८० टक्के कमी दरात मिळतात. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा आणि जुना पंप संपण्याच्या आठवडाभर आधी चौकशी करा. रात्री अकराला पंप संपला की मिळेल तो, मिळेल त्या दुकानातून घ्यावा लागतो.

वर्षाचा अंदाज

रोजचा पंप : २,५०० रुपये
आराम देणारा पंप, दोन-तीन : ५०० रुपये
स्पेसर आणि मास्क : ८०० रुपये
डॉक्टरांच्या सहा भेटी, ७०० रुपयांप्रमाणे : ४,२०० रुपये
फ्लूची लस (सहा महिन्यांनंतर, पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतराने दोन डोस) : ३,६०० रुपये
किरकोळ औषधं : ४०० रुपये

एकूण १२,००० रुपये, म्हणजे महिन्याला हजार. आता दुसरी बाजू पाहा. खासगी रुग्णालयात मुलांच्या अतिदक्षता विभागाचे दिवसाला १०,००० ते २५,००० रुपये लागतात. तीन दिवस बाळ तिथे राहिलं की अडीच ते सहा वर्षांचा खर्च एकदम होतो. शिवाय आईवडिलांची बुडालेली रोजंदारी वेगळी आणि बाळाच्या जिवाची भीती तर पैशात मोजताच येत नाही. रोजचा पंप प्रत्येक झटका थांबवेल असं नाही, पण झटके कमी करतो आणि त्यांचा जोरही कमी करतो.

दाखल करायची वेळ आली तर

ओठ निळसर, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणं, दूध पिता न येणं, बाळ मलूल किंवा गुंगीत असणं, आराम देणारा पंप देऊनही धाप न थांबणं: यांपैकी काहीही दिसलं तर १०८ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत असते आणि तिच्यात ऑक्सिजन असतो.

१५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत मिळते. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या आजार-यादीत श्वासनलिकेच्या अतिसंवेदनशीलतेचा समावेश आहे. पथक आलं की बाळाची नोंद करून घ्या, पुढचे उपचार त्यातून मिळतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. पण ते दाखल झाल्यावर आणि ठरलेल्या उपचारांनाच मिळतं. पंप आणि बाह्यरुग्ण तपासणी त्यात येत नाही. दाखल करतानाच आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला) गाठा आणि बाळाचं निदान योजनेत बसतं का, ते विचारा. मदतक्रमांक १५५३८८.

धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे वार्षिक १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका लागते. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना पहिल्याच दिवशी भेटा. बिल तयार झाल्यावर धावपळ करून फारसं हाती लागत नाही. खासगी रुग्णालयांनी दरपत्रक दर्शनी भागात लावणं २०२१च्या सुधारित नियमांनुसार सक्तीचं आहे. ते वाचा, मागा.

आरोग्यविमा घेताना दमा लपवू नका, दावा नाकारायला तेवढं कारण पुरतं. आधीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षा १ एप्रिल २०२४पासून जास्तीत जास्त ३६ महिने केली आहे. कामाच्या ठिकाणी गटविमा असेल तर बाळाचं नाव लगेच घाला. अशा अनेक विम्यांत ही प्रतीक्षा नसते.

जिथे पैसे वाचवायचे

न्हाऊ घातल्यावरची धुरी, अगरबत्ती, डासांची कॉइल, बाळाच्या अंगावरची पावडर आणि घरातली विडी-सिगारेट: हे सगळं बंद करायला एक रुपया लागत नाही, उलट वाचतोच. डासांसाठी ३०० ते ६०० रुपयांची मच्छरदाणी घ्या. भिंतीला ओल असेल तर हवा शुद्ध करणाऱ्या १०-१५ हजारांच्या यंत्राआधी गळती दुरुस्त करा. हवा दमट करणारं यंत्र तर आपल्या पावसाळी भागात बुरशीच वाढवतं.

खोकल्याची सिरपं आणि ‘प्रतिकारशक्तीची’ टॉनिकं दम्यावर काम करत नाहीत. कोजागिरीची औषधी खीर किंवा मृगाला हैदराबादला ‘औषध’ म्हणून गिळायला देतात ती मासळी यांनी दमा बरा होतो, याला वैद्यकीय आधार नाही. जिवंत मासळी तान्ह्याच्या घशात अडकण्याचा धोका आहे आणि ‘औषध झालं’ म्हणून पंप थांबवला जातो, ते नुकसान त्याहून मोठं.

या आठवड्यात करण्याजोगं

बाळाचं नाव शिधापत्रिकेवर चढवा आणि जन्मदाखल्याच्या प्रती काढून ठेवा. झटका आला तर किती फवारे द्यायचे, किती वेळाने आणि रुग्णालयात कधी निघायचं, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. त्याची एक प्रत पाळणाघरात स्पेसरसोबत द्या.

एवढं करूनही महिन्याचा पंप जड जात असेल, तर तो बंद करण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘आम्हाला हे परवडत नाही.’ त्यात कमीपणा काहीच नाही. डॉक्टर जेनेरिक लिहू शकतात, कुपीऐवजी स्पेसर देऊ शकतात, सरकारी दवाखान्यात पाठवू शकतात किंवा दमा आटोक्यात असेल तर डोस कमी करू शकतात. न सांगता पंप बंद केला, तर यातलं काहीच त्यांच्या हातात राहत नाही.