पडद्यावरील मानसोपचार : सीबीटीच्या पलीकडे

गेल्या वर्षी अकरावीतील एक मुलगी सात-आठ महिने पोटदुखीसाठी माझ्याकडे येत होती. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सर्व तपासण्या झाल्या. दोष कशातच नव्हता. झोप उडालेली, अभ्यासात लक्ष नाही, मैत्रिणींकडे जाणे बंद. हे नैराश्य आहे हे ओळखण्यास मला अधिक वेळ लागला, हे प्रांजळपणे कबूल करते. मरणाचे विचार येतात का, हे तिला एकटीला बसवून स्पष्ट विचारले. तसे काही नव्हते. मानसोपचारतज्ज्ञांचे नाव काढताच घरचे गप्प झाले. इंदूरचा आपला मराठी समाज लहान. कोण कोणाच्या दवाखान्यात दिसले, हे संध्याकाळपर्यंत सर्वांना ठाऊक होते. मग मधला मार्ग म्हणून मी तिला मोबाइलवरील एक ॲप सुचवले.

ते सीबीटीच्या, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीच्या, धर्तीचे होते. मनात आलेला विचार लिहायचा, तो कितपत खरा आहे ते तपासायचे, पर्यायी विचार मांडायचा. दहा दिवसांत तिने ते काढून टाकले. कारण विचारले तर म्हणाली, "मॅडम, आजी गेली हा विचार खोटा नाहीये ना? मग बदलायचा कशाला?"

या प्रश्नाने मला वाचनाकडे वळवले. ऑनलाइन उपचारांत सीबीटीचे वर्चस्व आहे, कारण ती पद्धत धडे, तक्ते आणि गृहपाठ यांत सहज विभागता येते आणि तिच्यावर संशोधनही विपुल झाले आहे. परंतु सोय आणि गरज या दोन गोष्टी नेहमी जुळतातच असे नाही.

क्लेरमन आणि वाइसमन यांनी विकसित केलेली इंटरपर्सनल थेरपी, म्हणजे आंतरवैयक्तिक उपचारपद्धती, विचारांशी वाद घालीत नाही. ती विचारते, नैराश्य सुरू झाले तेव्हा नात्यांत काय घडत होते? वियोग, कलह, आयुष्यातील भूमिकेचा बदल आणि एकाकीपणा ही तिची चार क्षेत्रे. लॉरा मफसन यांनी ती किशोरवयीनांसाठी बेतली. साधारण बारा आठवड्यांचा हा क्रम व्हिडिओवरूनही देता येतो.

मला अधिक विचारप्रवृत्त केले ते स्वीडनमधील कामाने. तेथे मनोगतिक पद्धतीचे, म्हणजे टाळलेल्या भावनांना वाट करून देणारे, उपचार इंटरनेटवरून देण्यात आले. दहा आठवड्यांत आठ लेखी धडे आणि दर आठवड्यास उपचारकाशी अर्धा तास लिहून गप्पा. २०२० साली ७६ किशोरवयीनांवरील चाचणीत ही पद्धत केवळ आधार देण्यापेक्षा सरस ठरली. २०२२ साली 'लॅन्सेट डिजिटल हेल्थ'मध्ये १५ ते १९ वयाच्या २७२ मुलामुलींची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत ती इंटरनेटवरील सीबीटीपेक्षा उणी ठरली नाही. दोन्ही गटांत पडद्यामागे माणूस होता, हे विसरू नये. आपल्याकडील पालक मात्र "एखादे चांगले ॲप सांगा" म्हणतात, तेव्हा त्यांना माणूस नकोच असतो!

खेळाच्या रूपातील उपचाराचेही उदाहरण आहे. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ८ ते १२ वर्षांच्या एडीएचडी असलेल्या मुलांसाठी 'एन्डेव्हरआरएक्स' या व्हिडिओ खेळास मान्यता दिली. संगणकीय चाचणीत अवधान सुधारले. पण ३४८ मुलांच्या अभ्यासात पालकांना जाणवलेली सुधारणा तुलनेसाठी दिलेल्या दुसऱ्या खेळाहून वेगळी नव्हती. मी तो कोणाला सुचवणार नाही.

आता व्यवहाराकडे. दूरवैद्यक सेवेच्या मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, अल्पवयीन रुग्णाला दुरून सल्ला देताना त्याच्यासोबत प्रौढ व्यक्ती हवी आणि तिची ओळख पटलेली हवी. हे रास्तच आहे. पण आईविषयी आईसमोर कोणती मुलगी बोलेल? या मुलीच्या बाबतीत दुसऱ्या गावच्या एका मराठी भाषक मानसशास्त्रज्ञ बाईंनी तोडगा काढला. सुरुवातीची व शेवटची पाच मिनिटे आई कॅमेऱ्यासमोर, मधला वेळ स्वयंपाकघरात. घर दोन खोल्यांचे. मोकळी होती ती आजीचीच खोली. मुलगी तेथेच बसे. पहिले दोन आठवडे ती बोललीच नाही, चॅटमध्ये लिहीत राहिली. शाळेत हिंदी-इंग्रजी, मैत्रिणींत हिंदी. आजीचे मात्र तिने सगळे मराठीत लिहिले. आजी अत्यवस्थ असताना परीक्षा बुडू नये म्हणून तिला रुग्णालयात नेलेच नव्हते, ही गोष्ट माझ्या केसपेपरवर कोठेही नव्हती. मी विचारलीच नव्हती.

पोटदुखी अजून अधूनमधून होते, पण ती शाळा बुडवीत नाही. आईने आजीच्या शेवटच्या दिवसांविषयी तिच्याशी बोलायला चार महिने घेतले.

ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा चोवीस तास उपलब्ध आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते. माझ्या प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर तळाशी आता १४४१६ हा तिचा क्रमांक छापून घेतला आहे.