‘बंद’ आणि ‘कमी’ : दोन करारांचा अभ्यास

आंतरराष्ट्रीय करारातील एका क्रियापदासाठी राष्ट्रे किती भांडतात, हे २०२१ च्या ग्लासगो हवामान परिषदेत दिसले. कोळशाची वीज टप्प्याटप्प्याने ‘बंद करणे’ असा मसुदा होता. अखेरच्या सभेत भारताच्या आग्रहावरून तेथे ‘कमी करणे’ असे शब्द आले आणि भारतावर टीकेची झोड उठली. ती टीका न्याय्य होती काय? उत्तरासाठी मला आधी दुसऱ्या एका कराराकडे जावेसे वाटते.

तो म्हणजे १९८७ चा माँट्रियल करार. फ्रिजमधील सी.एफ.सी. वायू ओझोनचा थर नष्ट करतात, हे मोलिना व रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडले होते. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील खिंडार उघडकीस आले. करारात विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत होती, अट एवढीच की वापर दरडोई ०.३ किलोच्या आत हवा. तरीही भारत बाहेर राहिला. भारताचे म्हणणे थोडक्यात असे : भोक तुम्ही पाडलेत, ठिगळाचे पैसे आम्ही का द्यावेत? १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत पूर्ण बंदीची मुदत ठरली आणि गरीब देशांसाठी निधीही ठरला. १९९२ मध्ये भारत सामील झाला.

पुढे सी.एफ.सी.च्या जागी आलेले एच.एफ.सी. ओझोनला निरुपद्रवी, पण उष्णता धरून ठेवण्यात भयंकर निघाले. ‘१३४-ए’ हा त्यांतला एक वायू कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट धरला जातो. म्हणून २०१६ मध्ये रवांडातील किगाली येथे माँट्रियल करारातच दुरुस्ती झाली.

येथे एक गंमत आहे. किगालीचा शब्दही ‘बंद’ नसून ‘कमी’ हाच आहे! पण त्या ‘कमी’ला आकडे आहेत. भारताने २०२८ मध्ये वापर गोठवायचा. २०३२ पर्यंत १० टक्के, २०३७ पर्यंत २०, २०४२ पर्यंत ३० आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के घट करायची. श्रीमंत देशांची घट २०१९ पासूनच सुरू झाली. आमच्या घरी फ्रिज आला तो मी अकरावीत असताना. २०४७ मध्ये माझी चाळिशी उलटलेली असेल. उशिरा आलेल्याला उशिराची तारीख, हा हिशेब मला पटतो.

कोळशाला असा तक्ता नाही. अर्थात तुलना ताणू नये. फ्रिजचा वायू मोजक्या कारखान्यांत तयार होतो, त्याला पर्यायी वायू सापडतो. चंद्रपूरच्या वीजकेंद्रामागे मात्र खाणी, रेल्वे आणि हजारो कुटुंबांची चूल आहे. शिवाय ग्लासगोत कपातीसाठी नाव फक्त कोळशाचे घेतले गेले. श्रीमंत देशांचे तेल आणि वायू सुटले, ही भारताची तक्रार मला रास्त वाटते. पण शब्द सौम्य करून घेताना आपणही स्वतःचा टप्पेवार तक्ता पुढे ठेवला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

२०१५ च्या पॅरिस करारात ‘जीवाश्म इंधन’ हा शब्दच नाही. २०२३ मध्ये दुबईत अशा सर्व इंधनांपासून ‘दूर जाण्याचे’ आवाहन झाले. कोणी किती आणि केव्हा, हे प्रत्येक देशावर सोडले गेले. राहिला पैसा. २०२४ मध्ये बाकू येथे २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे उद्दिष्ट संमत झाले. भारताच्या प्रतिनिधीने त्याच सभागृहात उभे राहून, ही रक्कम अपुरी आहे, ती आम्हांला मान्य नाही, असे सांगितले.